दादा, झिऱ्याचं पाणी नितळच होतं

दादा, काल निरीक्षक साहेब सांत्वनाला आले होते. तुला जाऊन पाच दिवस झाल्यावर त्यांना वेळ मिळाला. सायकल त्यांनी वस्तीच्या तोंडाशीच लावली, नाकाला रुमाल धरून बोळातून चालत आले आणि आपल्या दारातल्या बाजेवर अर्धवट टेकले, म्हणजे उठायला सोपं. पालिकेच्या सफाई खात्याचा साहेब आपल्या दारात बसलेला पाहायला तू हवा होतास. तू हात जोडून उभाच राहिला असतास आणि मी तुझ्यावर चिडले असते.

वहिनीनं आधी पाणी पुढे केलं. घरात माणूस मेलेलं असलं तरी आल्यागेल्याला पाणी द्यायचं ती चुकत नाही. साहेबांनी लोट्यात पाहिलं, मग नदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको, आत्ताच घेतलंय." आजवर आपल्या घरचं पाणी कितीजणांनी नाकारलं असेल, दादा. पोस्टमननं नाकारलं, माझ्याच शाळेतल्या गुरुजींनी नाकारलं. त्यांतल्या एकाकडेही तोंड वर करून सांगावं असं कारण नव्हतं. या माणसाकडे मात्र खरंखुरं कारण होतं. त्या लोट्यात काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यानंच पाठवलेलं होतं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण किसनला कुंडीत उतरायला सांगितलं कोणी? आमचा तसा लेखी हुकूम नव्हता." मग म्हणाले, "त्याची जागा आम्ही भरलेली नाही. तुमच्या घरातलंच कोणी असेल तर बघा. फक्त आता हौद साफ करणंही त्याच कामात धरू." आणि जाता जाता आठवण झाल्यासारखं करून म्हणाले, "ते खाकी सदरे सरकारी आहेत. तेवढे कचेरीत पोचवा."

मी बोरी अरबच्या शाळेतली मास्तरीण. चार माणसांत तोंड उघडायला मी घाबरत नाही, हे तू सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरायचास. काल माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून आज लिहिते आहे. रागावून लिहिते आहे आणि त्या रागात तूही आहेस. मेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, ते मला जमणार नाही.

तुझे ते खाकी सदरे. पटकीच्या साथीत गावातली माणसं पटापट गेली तेव्हा सरकारला जाग आली आणि गावाखाली, नदीच्या काठावर, विटांचे दोन हौद बांधले गेले. गावातल्या सगळ्या नाल्यांचं पाणी तिथं यायचं, पहिल्या हौदात गाळ बसायचा, दुसऱ्यातल्या वाळूतून पाणी झिरपायचं आणि मग नदीला मिळायचं. झडपा फिरवायला माणूस हवा होता. तुला ती नोकरी लागली तेव्हा वस्तीत पेढे नाही पण गूळ वाटला गेला. तू तांदळाच्या पेजेत सदरा बुडवायचास, लोट्यात निखारे भरून तो सदऱ्यावर इस्त्रीसारखा फिरवायचास आणि कडक होऊन निघायचास. बाया म्हणायच्या, "सरा वो बाजूले, आपला कलेक्टर चालला." तुला ते आवडायचं. तू लाजून हसायचास आणि आणखी ताठ चालायचास.

पहिल्यांदा मला हौद दाखवायला नेलंस तो दिवस मला आठवतो. मी ट्रेनिंगहून सुटीला आले होते. तू ओंजळभर वाळू उचलून दाखवलीस आणि म्हणालास, "शेवंते, पाह्य. इकडून गढूळ जाते अन् तिकडून काचावानी येते. घान सारी वाळूच्या पोटात राह्यते." एवढा आनंद मी तुझ्या तोंडावर फक्त आणखी एकदाच पाहिला होता, माझ्या परीक्षेसाठी मला दिग्रसला सायकलवर डबलसीट नेलंस त्या दिवशी. तू स्वतः पहिलीतच शाळा सोडलीस. माझी सोडू दिली नाहीस. परीक्षा संपेपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात बसून होतास आणि मी बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे न विचारता म्हणालास, "भूक लागली असन." हे मी विसरलेले नाही. तुझ्यावर कितीही रागावले तरी माझ्या हातातला खडू तुझा आहे.

पण त्या वाळूनंच तुला फसवलं, दादा. आणि तू आम्हाला.

आपली वस्ती हौदांच्या खालच्या अंगाला. विहीर चैत्रातच तळ दाखवते. मग बाया नदीच्या पात्रात वाळू उकरतात, हातभर खड्डा झाला की खालून पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं गुंडीत भरतात. आपली आजी त्या झिऱ्याचं पाणी प्याली, आपली माय प्याली. ते पाणी गार आणि नितळ, त्याला कधी वास आला नाही. म्हणून कोणाला कधी शंका आली नाही. तुला तर मुळीच नाही, कारण तू रोज डोळ्यांनी पाहत होतास की वाळूतून गेलेलं पाणी स्वच्छ होतं.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग हौदात गाळ साचला. दर उन्हाळ्यात तो उपसायचा असं ठरलेलं होतं, पण उपसायचा कोणी हे कोणी ठरवलं नव्हतं. पालिकेचे सफाई कामगार म्हणाले, आमच्या डोक्यावर गावभरच्या संडासांचे टोपले आहेत, त्यात हौद नको. बरोबरच होतं त्यांचं. मग निरीक्षक साहेबांनी आपल्या वस्तीला निरोप धाडला. वस्तीनं नाही म्हटलं. तेव्हा साहेबांनी तुला बोलावून सांगितलं, हौदाकडची झडप बंद कर आणि बगलेची उघड. बगलेच्या नालीतून गावाची सगळी घाण, हौदाचं तोंडही न पाहता, थेट नदीत पडू लागली. आपल्या झिऱ्यांच्या वरच्या अंगाला. आणि ती झडप तू स्वतःच्या हातानं उघडलीस.

पहिल्या वर्षी आठ-दहा दिवस. यंदा होळीपासून.

"अवो, झिरे काठापासून दोन हात लांब खणा, काही होत नाई," असं तू बायांना सांगितलंस. खाकी सदऱ्यातल्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर बायांनी ऐकलं. मी सुटीत आले तेव्हा पाहिलं तर घराघरात पोरं हगवणीनं पडलेली. तुझी सुमन, चार वर्षांची पोर, कडेवर घेतली तर अंगात काही उरलेलं नव्हतं. मी तुला म्हटलं, हे पाणी पिऊ नका, उकळा. तू म्हणालास, "एवढं नितळ पानी उकळाले लावते. तुह्या पुस्तकात नदी पाह्यली काय कोनी?" मी म्हटलं, जे दिसत नाही तेच मारतं. वहिनी चुलीपाशी बसली होती, ती म्हणाली, "बाई, उकळाले पऱ्हाटी कुठून आनू? वैशाखात चहापुरतं बी जळन नाई घरात."

सुमनचे डोळे खोल गेले तेव्हा तुझी वाळूवरची श्रद्धा उडाली. तू मला तसं सांगितलं नाहीस. सरळ वस्तीच्या बैठकीत उभा राहिलास.

ती बैठक. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून मी सकाळपासून टाळते आहे.

छप्पन साली आपण दीक्षा घेतली तेव्हा वस्तीनं ठराव केला होता. मेलेलं जनावर ओढायचं नाही, गावाची घाण काढायची नाही, कोणी कितीही सांगो. अक्षर चांगलं म्हणून तो ठराव माझ्याकडून लिहून घेतला होता. मी तेव्हा सातवीत होते. त्याखाली सगळ्यांचे अंगठे आहेत आणि पहिली सही तुझी आहे. अंगठा द्यायचा नाही म्हणून तू तीन दिवस पाटीवर स्वतःचं नाव गिरवत बसला होतास. त्या कागदावर तुझं नाव वाकडंतिकडं आहे, पण पूर्ण आहे.

त्या बैठकीत तू म्हणालास, "घान गावाची आहे, हे मले बी समजते. पन पानी आपलं आहे. पोरं आपली आहे. आठ दिवस आपन उतरू, हौद साफ करू, बगलेची झडप बंद होईन. मग बसू भांडत." म्हाताऱ्या माणसांपैकी दोघंतिघं मान हलवायला लागले होते. तेव्हा मी उठले. ठरावाचा कागद मी घरून घेऊनच आले होते, म्हणजे माझी तयारी होती. मी तो मोठ्यानं वाचला, वर्गात धडा वाचावा तसा. आणि शेवटी कागद तुझ्यासमोर धरून विचारलं, "ही पयली सही कोनाची?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा. माझ्यासाठी वाजवल्या. तू खाली बसलास आणि सदऱ्याची बाही दुमडत राहिलास.

मी अजूनही म्हणते की मी चूक बोलले नव्हते. आज आपण आपल्या पाण्यासाठी उतरलो असतो, तर उद्या ते आपलं कामच झालं असतं. काल साहेब जे बोलून गेले त्यात काय होतं दुसरं? हौद साफ करणंही त्याच कामात धरू. बघ, तुझी राख विझली नाही तोवर त्यांनी धरलंसुद्धा. मी हेच सांगत होते. पण हे मी तुला घरी, सुमनच्या उशाशी बसून सांगू शकले असते. मी तुला सगळ्यांसमोर तुझीच सही दाखवली. आठ वर्षांपूर्वी ज्या सहीनं तुझी मान वर झाली, त्याच सहीनं मी ती खाली घातली. याबद्दल मला माफ कर असं म्हणायला मी रोज तोंड उघडत होते आणि रोज तू समोरून निघून जात होतास. आपण दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हतो. हट्टी तूही कमी नव्हतास.

आणि मग तू काय केलंस? तुला वाटलं, वस्तीच्या नकळत एकट्यानं हौद उपसावा. वैशाखातल्या भर दुपारी, माणसं दारं ओढून घरात पडलेली असतात, तेव्हा तू जायचास. चार दुपारी तू गेलास. परत येताना नदीवर अंग घासून यायचास, पण अंगाचा वास जात नव्हता. फिनेलचा वास आणि त्याखाली दुसरा. सगळ्या घराला कळलं होतं आणि कोणी काही बोललं नाही. पाचव्या दुपारी तू हौदाच्या तोंडाशी असलेल्या कुंडीत उतरलास. पुरुषभर खोल, वरून फरशीनं झाकलेली, चिंध्या आणि पाला अडकून तुंबलेली ती कुंडी.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणसानं उतरायचं नाही, हे सगळ्या वस्तीला कोणी शिकवलं? तूच ना? बाभुळगावला वहिनीच्या माहेरी विहीर उपसताना तू तिच्या भावाला वरून शिव्या घातल्या होत्यास, दिवा न सोडता उतरत होता म्हणून. मग स्वतःच्या वेळी कुठं गेलं होतं ते शहाणपण? दोर धरायला एक माणूस वर असता तर त्यानं तुला ओढून काढलं असतं. पण माणूस बोलवायचा तर त्याला सांगावं लागलं असतं. म्हणजे तू आमच्यापासून लपत होतास म्हणून मेलास. शेजारच्या तांड्यावरची एक म्हातारी बकऱ्या घेऊन नदीवर आली, तिनं कुंडीच्या काठाशी चपला पाहिल्या आणि ओरडत वस्तीत आली. आम्ही पोचलो तेव्हा तुला बाहेर काढायलाच चार माणसांना त्या घाणीत उतरावं लागलं. ठराव तेव्हा कोणाला आठवला नाही. मलाही नाही.

तुला अर्धा मूर्ख म्हणते. अर्धी मी आहे. पण आपल्या दोघांचा मूर्खपणा एकत्र केला तरी तो त्या रुमालवाल्या माणसाच्या शहाणपणापुढे काहीच नाही. त्यानं आपल्याला भांडायला लावलं. घाण त्याच्या गावाची, हौद त्याच्या पालिकेचा, आणि भांडत होते भाऊ-बहीण. आपण एकमेकांना विचारत होतो की उतरावं की उतरू नये. त्याला कोणीच विचारलं नाही की तुझी घाण तू आमच्या अंगणात का सोडतोस. तू नाही विचारलंस, कारण तुझ्या अंगावर त्यांचा सदरा होता. मी नाही विचारलं, कारण मी तुला हरवण्यात गुंतले होते.

म्हणून आज सकाळी, ऊन चढायच्या आधी, मी आणि वहिनी हौदावर गेलो.

तू एकदा गमतीनं म्हणाला होतास की दोन्ही झडपा एकदम बंद केल्या तर पाणी आल्या वाटेनं परत गावात चढेल, आधी बाजारात आणि मग पालिकेच्या कचेरीसमोर. हौदाकडची बंद होतीच. आम्ही बगलेची बंद केली. आता दुपार झाली आहे. बाजारातली नाली भरून रस्त्यावर आली म्हणतात. कचेरीचा शिपाई दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, झडप उघडा. वहिनी दारातच उभी होती. ती म्हणाली, "लिहून आनला काय हुकूम?" तो बिचारा परत गेला. वस्तीतले पुरुष हौदावर जाऊन बसले आहेत, झडपेला कोणी हात लावू नये म्हणून. यात तुझे ते मान हलवणारे म्हातारेही आहेत आणि मला टाळ्या देणारेही. उद्या काय होईल मला माहीत नाही. पोलीस येतील कदाचित. माझी नोकरी जाईल. पण एवढं पाहते आहे की आज झिऱ्यात वरून काही आलेलं नाही.

तुला सांगायचं होतं ते यापुढचं आहे. हे मी वस्तीला सांगणार नाही.

झडपेचं चाक मला फिरेना. मी दोन्ही हातांनी लोंबकळले तरी हलेना. वहिनीनं मला बाजूला केलं. तुला रोज भाकर आणून देताना तिनं पाहिलं होतं की आधी जरासं उलटं फिरवावं लागतं, मग सुटतं. तिनं पदर खोचला, उलटा झटका दिला आणि चाक करकरत फिरायला लागलं. तिच्या बांगड्या नसलेल्या हातांकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं.

"वयनी, त्या दुपारी मी जागी होती. दादा फावडं घेऊन चालला ते मले दिसलं. एक हाक देल्ली असती तं थांबला असता तो. मी कूस बदलली."

वहिनी थांबली नाही. दोन आटे तिनं तसेच फिरवले. मग खालच्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "जागी मी बी होती, बाई. फावडं म्याच देल्लं त्याईच्या हातात. म्हनलं, सुमीले चांगलं पानी भेटन."

मी काठावर बसले. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाली, "आता रडू नोका. उठा, इकडून धरा चाक. अजून अर्धं राह्यलं."